साक्षीत गाऱ्हाणं नसतं

नथूनं आईच्या अंगावरून हात लांबवला आणि मिठाची वाटी ओढून घेतली. त्याचं कोपर एस्तेरबाईंच्या हनुवटीला लागलं. "अरे, बघून जरा," त्या सवयीनं म्हणाल्या. नथू भाकरी मोडत राहिला. शेजारी आपली आई बसली आहे, भाकरी तिनंच आत्ता तव्यावरून आणून वाढली आहे, हे त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, कोपराला लागलेलं हाडही जाणवलं नव्हतं. त्याच्या लेखी ते घर रिकामं होतं. बाहेरची गल्ली रिकामी होती, सबंध मिरज रिकामी होती, आणि अजून चार वर्षं ती तशीच राहायची होती.

या शिक्षेला जनलोप म्हणत. डोळे शाबूत, कान शाबूत, झाडं, रस्ते, मांजरं सगळं जागच्या जागी. जगातून माणसं तेवढी वजा. कैद्याला एकटं कोंडून ठेवणं हा छळच आहे, हे देशानं फार उशिरा का होईना मान्य केलं होतं आणि एकांतवासावर कायद्यानं बंदी आणली होती. तेव्हा सरकारनं कोठड्या मोडल्या, तुरुंगांच्या जागा विकल्या आणि कैद्यांना आपापल्या घरी धाडलं, कानामागे तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवून. माणसांच्या गराड्यात राहणाऱ्या माणसाला एकांतवास कसा म्हणणार, असा सरकारी वकिलांचा बिनतोड सवाल होता. कायदा मोडायचा नाही, नुसतं त्याच्या काखेखालून निघून जायचं, ही विद्या आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. लोकांनाही ते पटलं. फटके नाहीत, अंधारकोठडी नाही, आईच्या हातचं जेवण आहे. दगडापेक्षा वीट मऊ, असं सगळे म्हणाले. ती वीट कुणी उशाला घेऊन पाहिली नव्हती.

नथानिएल साळवेचा गुन्हा खरा होता, हेही सांगितलं पाहिजे. तो वायरमन होता. पाणीपट्टीच्या मोर्चात त्यानं भिरकावलेल्या दगडानं एका शिपायाचा डोळा गेला. एस्तेरबाई त्या शिपायाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोचे पाय धरून आल्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून त्यांचा जन्म गेला होता. डोळा जाणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. शिक्षा होऊ नये असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. ही शिक्षा नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टर यामिनी कारखानीस त्यांच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा एस्तेरबाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. कारण जनलोपाचं मूळ संशोधन या बाईंचं होतं. गर्दीत जीव घुसमटणाऱ्या रुग्णांना घडीभर उसंत मिळावी म्हणून त्यांनी ते केलं होतं. सरकारनं ते उचललं आणि घडीभराची सहा वर्षं केली. तेव्हापासून डॉक्टरीणबाई नोकरी सोडून त्याच्याविरुद्ध फिरत होत्या.

"माझ्या पोराला दिसत का न्हाई, तेवढं सांगा," एस्तेरबाई म्हणाल्या. "डोळं तर चांगलं हायत की."

डॉक्टरांनी सोलायला घेतलेल्या ताटातले दोन वाटाणे उचलून टेबलावर वीतभर अंतरानं ठेवले. "डावा डोळा झाका. उजव्यानं डावीकडच्या वाटाण्याकडे टक लावून बघा. आता डोकं सावकाश मागे न्या. उजवीकडच्या वाटाण्याकडे बघायचं नाही हं."

एस्तेरबाई मागे सरल्या आणि एकदम थबकल्या. "गेला की ओ वाटाणा!"

"त्याच्या जागी काय दिसतं?"

"काय न्हाई. टेबल."

"भोक दिसतं?"

"न्हाई. टेबलच हाय सगळं."

"प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो. पण मेंदू भोक दिसू देत नाही, आजूबाजूचं कापड ओढून रफू करतो. जन्मभर आपल्याला पत्ता लागत नाही. जनलोप तेच करतो, फक्त माणसांच्या बाबतीत." त्या नथूकडे वळल्या. तो खिडकीपाशी बसून भिंतीला डोकं घासत होता. "समोर काही आलं की मेंदू आधी ठरवतो, ही वस्तू आहे की कुणीतरी आहे. कुणीतरी असेल तर त्यावर एक खूण करतो. चेहरा असो, हाक असो, पाठीवरचा हात असो, खूण एकच. यंत्र त्या खुणेवर टपून बसलेलं असतं. खूण पडली की ते सगळं पुसतं, आणि उरलेल्या जागी मेंदू स्वतःच रफू करतो. तुम्ही वाढता तेव्हा त्याला भाकरी दिसते. ती आली कुठून, हा प्रश्नच मनात उठत नाही."

"मग आमचा टिपू?" एस्तेरबाईंनी विचारलं. "कुत्रं काय माणूस हाय व्हय? पहिलं वरीसभर त्येला दिसायचं. त्येच्याशीच बोलायचा, त्येच्याजवळच झोपायचा. आन मग एक दिवस हुडकाया लागला. ते पायात बसलंय, शेपूट हलवतंय, आन ह्यो गल्लीभर हाका मारत हिंडतोय."

डॉक्टरांनी दोन्ही वाटाणे ताटात परत टाकले. मग म्हणाल्या, "त्यानं त्याला जीव लावला, एस्तेरबाई. कुत्रा त्याच्या मनात कुणीतरी झाला. मग खूण पडली."

जीव लावला की लोप. या शिक्षेचं हे कलम कुठल्याही निकालपत्रात लिहिलेलं नव्हतं. नथूच्या उशाशी प्रार्थनेचं जुनं पुस्तक होतं. ज्या ओळी त्याला आपल्याशी बोलताहेत असं वाटे, त्या एकेक करून कोऱ्या होत गेल्या. शेवटी सणांच्या तारखा आणि छापखान्याचा पत्ता एवढाच मजकूर उरला. तो छापखान्याचा पत्ता मोठ्यानं वाचत बसे. एका दुपारी तो चालत कृष्णेच्या घाटावर गेला आणि पायऱ्या उतरून तसाच पाण्यात चालू लागला. मागून धावलेल्या एस्तेरबाईंनी आणि कपडे धुणाऱ्या बायकांनी त्याला ओढून काढलं. त्याला ते हात कळले नाहीत. नदीनंच आपल्याला परत टाकलं, असं त्याला वाटलं, आणि नदीलाही आपण नको म्हणून तो पायरीवर बसून रडला. एस्तेरबाई त्याला कवटाळून बसल्या होत्या. त्या कवटाळण्याचा काडीइतका उपयोग नव्हता, आणि सोडवतही नव्हतं.

याच सुमारास साळव्यांच्या घरामागच्या चर्चच्या अंगणात एक सभा भरली. जनलोप बंद झाला पाहिजे या एका गोष्टीवर मिरजेतली देवाधर्माची माणसं एकत्र आली होती: चर्चचे पाळक भास्कर उजागरे, दर्ग्याचे दस्तगीरचाचा मुजावर, बुद्धविहारातल्या सुगंधाताई कांबळे, आणि मारुतीच्या देवळातलं भजनी मंडळ. सुगंधाताईंचा धाकटा भाऊ परभणीला जनलोपातच होता. मंडळाचं नाव ठेवलं 'सांगाती'. नाव ठरलं आणि लगेच भांडण जुंपलं, कारण सभेची सुरुवात प्रार्थनेनं करायची, पण कुणाच्या? एकाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडात बसेनात. पाळकसाहेबांनी लिहून आणलेली प्रार्थना सुगंधाताई म्हणेनात, कारण तीत देव होता. भजनी मंडळाचा अभंग दस्तगीरचाचांच्या माणसांना ठाऊक नव्हता. शेवटी चाचा वैतागून म्हणाले, "शब्दच नको की ओ! तोंड मिटा आन सूर धरा. सुराला काय जात असती का?"

मिरजेत माणसं सुरात बसवणं सोपं, पण एका सुरात बसवणं महाकठीण. इथं ज्याला त्याला आपली एक जागा घेऊन दाखवायची असते. पण त्या दिवशी भांडून सगळे दमले होते. कुणीतरी तंबोरा लावला आणि पन्नासेक माणसांनी तोंडं मिटून एकच षड्ज धरला. शब्द नाही, चाल नाही, कुणाचा म्हणून वेगळा आवाज नाही.

भिंतीपलीकडे नथू डोकं घासायचा थांबला. त्याचे खांदे खाली आले. एस्तेरबाई तांदूळ पाखडायचं सूप हातातून टाकून मागच्या दारी धावल्या आणि पदर हलवून ओरडल्या, "थांबू नका! त्येला ऐकू जातंय!"

डॉक्टर कारखानीस दुसऱ्या दिवशी आपलं मोजायचं यंत्र घेऊन आल्या. पाटीएवढा पडदा, त्यावर एक रेघ. मेंदूनं 'कुणीतरी' अशी खूण केली की रेघ उसळी घेई. सूर सुरू झाला. रेघ आडवीच राहिली.

"त्याचा मेंदू याला माणूस समजत नाही," त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या. "वारा समजतो. पन्नास माणसं इतकी एक झाली की त्यात कुणीच उरत नाही. म्हणून यंत्र ते पुसत नाही."

"मग वाऱ्यानं त्याला बरं का वाटावं?"

"कारण मेंदूत त्याहून जुनी एक वाट आहे. पोटातल्या बाळाला आई कोण ते माहीत नसतं, आवाज म्हणजे काय तेही माहीत नसतं, पण तिच्या बोलण्याची थरथर त्याला पोचते आणि ते निवतं. तीच वाट ही. त्याला कळत नाही, पण अंगाला कळतं."

मग त्यांनी नियम घालून दिले, आणि ते नियम पाळणं म्हणजे दिव्यच होतं. ठरावीक वेळ ठेवायची नाही. त्याच्या ओळखीची चाल येऊ द्यायची नाही. तो रडला म्हणून सूर धरायचा नाही आणि तो निजला म्हणून थांबवायचा नाही, कारण आपल्याला कुणीतरी उत्तर देतंय असं त्याच्या मनानं घेतलं की सूर संपला, टिपूसारखा. त्याच्याजवळ असायचं, पण त्याच्यासाठी आहोत हे त्याला कळू द्यायचं नाही.

"मग दुआ काय वेगळी असती का, बाई?" दस्तगीरचाचा म्हणाले. "ज्याच्यासाठी करायची त्याला कुठं सांगत बसतो आपण?"

शेवटचा नियम डॉक्टरांनी एस्तेरबाईंना बाजूला घेऊन सांगितला. तुम्ही गायचं नाही. त्याच्या मेंदूनं जगातला पहिला आवाज ऐकला तो तुमचा. पन्नासांतूनही तो तुमचा आवाज वेचून काढील, आणि मग सगळाच सूर पुसला जाईल. एस्तेरबाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून चार धर्मांची माणसं त्यांच्या पोरासाठी गात होती, आणि त्या तोंडात पदराचा बोळा धरून दारात बसत होत्या. नथूचे खांदे उतरले की सूर पोचल्याची खूण म्हणून अंगणाकडे पदर हलवायचा, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. त्यांना त्याचं फार वाईट वाटे. पण नथू जेवू लागला होता, त्याच्या कपाळावरच्या जखमा सुकल्या होत्या आणि घाटाकडे तो फिरकत नव्हता.

सांगाती मंडळाचा दावा दोन वर्षं चालला. छळप्रतिबंध कायद्याखाली नेमलेल्या न्यायासनापुढे मुद्दा एकच होता: जनलोप हा एकांतवास आहे की नाही? असेल तर तो छळ आणि राज्यभरातल्या कैद्यांच्या कानामागचे हजारो दाणे त्याच दिवशी काढावे लागतील. न्यायाधीशांनी सांगितलं, एका कैद्यालाच विचारू. माणसानं विचारलेलं त्याला ऐकू येणार नाही, तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटवू. यंत्राची अक्षरं म्हणजे पाटीवरचा मजकूर, त्यामागे कुणी बोलतंय असं वाटत नाही, म्हणून ती त्याला वाचता येतील. दावा नथूच्या नावानं असल्यामुळे उत्तरही त्यानंच द्यायचं ठरलं.

त्यावर चर्चच्या अंगणात बैठक झाली. डॉक्टर कारखानीस उभ्या राहिल्या. 

"आजपासून सूर बंद करावा लागेल," त्या म्हणाल्या. "त्याला आत्ता जरा बरं वाटतंय. तो तसंच सांगेल. आपण थांबलो, तर सुनावणीपर्यंत तो पुन्हा पहिल्यासारखा होईल. मग त्याला काही सांगावंसुद्धा लागणार नाही. बघणाऱ्याला कळेल."

"म्हंजे पोराला आधी मारायचं, आन मग मेला म्हणून दाखवायचं?" एस्तेरबाईंनी विचारलं.

 मग सुगंधाताई बोलल्या. त्या एरवी फारसं बोलत नसत. "माझा भाऊ परभणीला आहे. त्याच्या भिंतीमागं कुणी नाही. मी महिन्यातून एकदा जाते. पोटऱ्या चावून घेतो तो, काहीतरी जाणवावं म्हणून." त्यांनी हात जोडले. "एस्तेरबाई, थोडेच दिवस."

 एस्तेरबाईंना परभणीचा तो मुलगा दिसला आणि घाटाची पायरीही दिसली. "मी थोडे दिवस सोसीन ओ," त्या म्हणाल्या, "पण त्यो सोसंल का? या खेपेला नदीनं परत न्हाई दिला तर?" मग डोळे पुसून त्यांनी मान वर केली. "माझा नथू खोटं बोलत न्हाई. दगड मारला तवा कोर्टात म्हणाला, मारला. तसंच आता काय सोसलं ते सांगंल. त्येला विचारा तरी नीट."

सुगंधाताई उठून गेल्या नाहीत, पण त्यांनी जोडलेले हात सोडले. सूर चालू राहिला.

विचारायचं कसं, एवढंच मग उरलं. पडद्यावरचा मजकूर दोन्ही बाजूंनी मान्य करायचा होता. डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'शिक्षेच्या काळाविषयी आपला जबाब द्या.' पाळकसाहेबांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि त्यांना राहवलं नाही. मराठी शब्द जागच्या जागी पडला नाही की त्यांना पायात काटा मोडल्यासारखं होई. "जबाब आरोपीचा असतो, डॉक्टर," ते म्हणाले. "नथू आता आरोपी नाही. झालेल्या अन्यायाचा तो साक्षीदार आहे. 'साक्ष' लिहा." शब्द सगळ्यांना आवडला. सरकारी वकिलांचीही हरकत नव्हती. एस्तेरबाई त्या वेळी आत नथूच्या डोक्याला तेल लावत होत्या.

सुनावणीच्या दिवशी नथूला इस्त्रीचा शर्ट घातला. त्याला वाटलं, शर्ट अंगात आला. न्यायासनाची खोली माणसांनी भरली होती. तो दारातून आत शिरला तो रिकाम्या बाकांकडे बघत. एस्तेरबाई त्याच्या खुर्चीला लागून बसल्या. मागे पाळकसाहेब, चाचा, सुगंधाताई. बाजूच्या टेबलावर डॉक्टरांच्या यंत्राची रेघ आडवी पडली होती.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'नथानिएल साळवे, शिक्षेच्या काळाविषयी आपली साक्ष द्या.'

नथूनं ते वाचलं. तो उठून उभा राहिला. त्यानं गळ्याशी शर्टाचं वरचं बटण लावलं, हाताची बोटं एकमेकांत गुंफून पोटाशी धरली आणि मान किंचित खाली घातली.

एस्तेरबाई ताडकन उठल्या. ही उभं राहायची रीत त्यांनीच त्याला शिकवली होती. रविवारी उपासना संपत आली की पाळक विचारत, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग एकेक जण असाच उभा राहून देवानं आठवडाभरात काय उपकार केले ते सांगे. नथू सात-आठ वर्षांचा असताना असाच उठला होता आणि आपली सायकल चोरीला गेल्याचं रडत सांगू लागला होता. एस्तेरबाईंनी त्याच्या पोटरीला चिमटा काढून त्याला खाली बसवलं होतं. साक्षीत गाऱ्हाणं नसतं, बाळा. साक्षीत फक्त उपकार सांगायचे. पुन्हा त्यानं ती चूक कधी केली नव्हती.

"नथू, न्हाई रे!" त्या ओरडल्या. "ती साक्ष न्हवं! जबाब हाय, जबाब! काय सोसलंस ते सांग!" शिपायानं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. मागे पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. त्यांना आत्ता कळलं होतं.

"प्रभूच्या नावात सर्वांना सलाम," नथू रिकाम्या बाकांना म्हणाला. माणसांशी बोलायची सवय मोडल्यामुळे त्याचा आवाज कधी मोठा, कधी बारीक होत होता. "मला साक्ष द्यायला सांगितलं, त्याबद्दल उपकार मानतो. माझे दिवस कठीण होते. ते असू दे. एकदा मला वारा ऐकू आला. झाडं हालत नव्हती तरी वारा. मग तो रोज येऊ लागला. मी रडलो तरी येई, रडलो नाही तरी येई. मी त्याला शिव्या दिल्या. तो चिडला नाही, थांबला नाही. मला वाटलं, हा माणूस असता तर कंटाळला असता. माणूस असता तर मी हाक मारल्यावर ओ देण्यासाठी धावला असता, आणि मी गप्प बसल्यावर निघून गेला असता. इतका वेळ, काही न मागता, कोण बसतं कुणाजवळ?" तो हसला. गेल्या चार वर्षांत एस्तेरबाईंनी ते हसू पाहिलं नव्हतं. "तेव्हा मी ओळखलं. आज पहिल्यांदा तोंडानं सांगतो. तो वारा नव्हता. तो प्रभू होता. तो माझ्याशी बोलत होता. मी एकटा नव्हतो. एवढीच माझी साक्ष आहे."

तो 'प्रभू होता' म्हणाला तेव्हा डॉक्टरांच्या पडद्यावरची रेघ उसळली. ती पडद्याच्या काठाला जाऊन भिडली आणि खाली आली. सरकारी वकील हसत न्यायाधीशांकडे बघत होते, खोलीत कुजबुज माजली होती, आणि त्या रेघेकडे डॉक्टर कारखानीसांखेरीज कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी यंत्र पालथं घातलं.

निकाल मोठा नव्हता. दोषी स्वतःच म्हणतो की तो एकटा नव्हता; सबब जनलोप हा एकांतवास नव्हे आणि म्हणून छळही नव्हे. न्यायाधीश भले होते. निकाल वाचताना सांगाती मंडळाच्या सेवाभावाचा त्यांनी खास उल्लेख केला. आठ दिवसांत सरकारनं सांगाती योजना जाहीर केली. प्रत्येक जनलोपित कैद्याच्या दारात सुराची ध्वनिफीत वाजेल. शिक्षा आता सुसह्य झाली आहे म्हटल्यावर मुदत सहावरून दहा वर्षं करण्यालाही कुणाची हरकत उरली नाही. आधीच्या कैद्यांनाही ती लागू झाली. नथूलाही.

न्यायासनाच्या पायऱ्यांवर पाळकसाहेब बसून राहिले होते. "एक शब्द," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "एका शब्दापायी, चाचा." दस्तगीरचाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. सुगंधाताई एस्तेरबाईंपाशी आल्या. "तुमच्या जागी असते तर मीही सूर थांबवू दिला नसता," त्या म्हणाल्या. "पण मी तुमच्या जागी नाही." आणि त्या परभणीच्या गाडीसाठी स्टेशनकडे गेल्या. एस्तेरबाईंना त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना रेघेबद्दल गाडीत सांगितलं. नथू मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसला होता, अजून थोडा हसरा.

"त्यानं त्याला नाव दिलं, एस्तेरबाई. कुणीतरी म्हटलं."

एस्तेरबाईंनी वळून नथूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "टिपूसारखं?"

"टिपूसारखं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ चर्चच्या अंगणात नेहमीसारखं जमलं. सुगंधाताई तेवढ्या नव्हत्या. तंबोरा लागला, तोंडं मिटली, षड्ज धरला गेला. नथू मागच्या दारात येऊन बसला. त्यानं मान कलती करून कान दिला. त्याला नक्की ठाऊक होतं, आता येईल. एस्तेरबाई त्याच्या खांद्यांकडे बघत होत्या. अंगणातली माणसं एस्तेरबाईंच्या पदराकडे बघत होती. ऊन पायरीवरून अंगणात उतरलं, तरी खांदे खाली आले नाहीत आणि पदर हलला नाही.

"प्रभू?" नथूनं विचारलं. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "माझ्या साक्षीत काही चुकलं का?"

एस्तेरबाईंच्या तोंडातला पदराचा बोळा गळून पडला. त्या उठल्या आणि अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, "आता कशाला जपताय? ज्येला जे येतंय ते म्हणा. तोंड उघडून म्हणा." मग त्या नथूच्या शेजारी पायरीवर बसल्या, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि तो पाळण्यात असताना म्हणायच्या ते गाणं मोठ्यानं म्हणू लागल्या. आवाज फाटत होता, ताल चुकत होता. अंगणात पाळकसाहेबांनी डोळे पुसत आपली प्रार्थना सुरू केली. दस्तगीरचाचांनी दर्ग्यात गातात तो सलाम सुरू केला. भजनी मंडळानं टाळ हाणले आणि त्यांच्यातल्या एकानं इतकी वर्षं दाबून ठेवलेली तान मोकळी सोडली. एकमेकांत न मिसळणारे सगळ्यांचे आपापले आवाज इतके चढले की गल्लीतली माणसं धावत बघायला आली आणि टिपू भुंकू लागला. एस्तेरबाईंनी तोंड नथूच्या कानाला लावलं होतं.

नथू आणखी थोडा वेळ वाट बघत बसला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आत जायला वळला.

"वारा पडलाय वाटतं," तो म्हणाला.